राबणाऱ्याला व्यायाम कशाला?

आमच्या मार्गासनीत संध्याकाळच्या वेळी कुणी तरुण धावताना दिसला, की पारावर बसलेल्यांपैकी एक जण हमखास म्हणतो, "दिवसभर राबला असता, तर हे पळणं सुचलं नसतं!" बाकीचे माना डोलावतात. मी स्वतः हे वाक्य निदान शंभर वेळा ऐकले असेल. बोलणारा सहसा खरोखरच राबलेला माणूस असतो; त्याच्या तळहाताकडे पाहिले की उलट उत्तर द्यायचा धीर होत नाही. तरीही हे वाक्य अर्धेच खरे आहे असे माझे मत आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्या भागाविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव लागते. साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे जाणारा फाटा इथेच फुटतो. त्यामुळे शनिवार-रविवारी पाठीला पिशव्या लावलेली पुण्याची मंडळी इथून जाताना दिसतात. आठवडाभर खुर्चीवर बसून आलेली ही माणसे गड चढायला हौसेने जातात, आणि वेल्हे तालुक्याची (आता कागदोपत्री तो राजगड तालुका झाला आहे) माणसे त्यांच्याकडे थोड्या कौतुकाने, थोड्या कुतूहलाने पाहतात. घाम गाळायला कुणी पेट्रोल खर्च करून येते, ही गोष्ट भातखाचरात दिवस काढलेल्याला विनोदीच वाटणार. पण तीच माणसे सोमवारी ताजीतवानी होऊन कामावर जातात आणि आपण मात्र सोमवारी रविवारपेक्षा जास्त थकलेले असतो, हे कसे, याचा विचार कोणी करीत नाही.

राबणारे आमच्याकडे आता दोन तऱ्हेचे आहेत. एक शेतावरचे, आणि दुसरे खेड-शिवापूर, शिरवळ या बाजूच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे. पुष्कळांच्या बाबतीत ही दोन्ही माणसे एकच असतात. पहिली पाळी करून आलेला माणूस आषाढात दुपारनंतर खाचरात उतरतो आणि आवणी उरकतो. त्याला व्यायाम सांगायला जाणे म्हणजे बैलाला औतावरून सोडल्यावर शर्यतीला जुंपण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. मीही तसेच समजत होतो. परंतु वाचनात काही गोष्टी आल्या आणि घरातच एक उदाहरण पाहायला मिळाले, त्यामुळे माझे मत वेगळे बनले.

वाचनातली गोष्ट आधी सांगतो. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराने तिथल्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांत जास्त आढळले. कामातली हालचाल माणसाला वाचवते, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर गाजला. पण मॉरिस चोख माणूस होता. तीन वर्षांनी त्याने त्यांच्या गणवेशाच्या मापांची नोंदवही तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर मुळातच जास्त भरली. म्हणजे कंडक्टर आणि ड्रायव्हर हे दोघे आधीपासूनच वेगळे गडी असण्याचा संभव होता! शिंप्याच्या मापांवरून विज्ञान पुढे सरकल्याचे असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही. पुढे १९७३ मध्ये त्यानेच सरकारी कचेऱ्यांत बैठे काम करणाऱ्यांचा अभ्यास केला, आणि त्यात फुरसतीच्या वेळी जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी, असे दिसले.

मग २०२१ मध्ये डेन्मार्कमधून एक मोठा अभ्यास आला. हॉल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगनच्या १ लाख ४ हजारांहून अधिक माणसांची सुमारे दहा वर्षांची माहिती पाहिली. फुरसतीत अंग हलवणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी. पण कामात अंगमेहनत करणाऱ्यांना तो उलट जास्त! याला ते लोक शारीरिक श्रमाचा विरोधाभास म्हणतात. त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि राबणाऱ्याची गरिबी, त्याचे व्यसन, त्याचे निकृष्ट अन्न यांचा वाटा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. पण त्यांनी दिलेली कारणे वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत. आमच्या फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ती लिहिलेली असतात.

काम आणि व्यायाम यांत घाम सारखा असला, तरी बाकी काहीच सारखे नसते. व्यायाम अर्धा-पाऊण तास चालतो, काम आठ-दहा तास. व्यायामात हृदय जोरात धडधडते आणि मग निवांत होते. कामात ते दिवसभर थोडेसे चढलेलेच राहते, बळकट होण्याइतके चढत नाही आणि विसावा घेण्याइतके उतरत नाही. यंत्रापुढे उभ्या माणसाचे पाय हलत नाहीत, म्हणून रक्त पायांत साचते. पोटऱ्या हलल्या तरच ते वर ढकलले जाते. एकाच बाजूने उचलायचे, एकाच बाजूने वळायचे. आवणीचेही तसेच: चिखलात पाय, कमरेतून वाकलेले अंग, आणि सगळा दिवस पुढच्याच बाजूला झुकलेला. शरीराचा एक भाग झिजून जातो आणि दुसरा भाग नुसता गंजतो. शिवाय कामात थांबावेसे वाटले म्हणून थांबता येत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या श्रमाची सुरुवात आणि शेवट आपल्या हाती आहे, तो श्रम आणि ज्याची भोंग्याच्या हाती आहे, तो श्रम, यांना मराठीत दोन शब्द आहेत हे बरेच झाले.

आता मनाकडे येतो. थकवा एकाच जातीचा नसतो. रॉबर्ट थेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट नीट मांडली आहे. एक शांत थकवा असतो. दिवसभर डोंगर हिंडून आल्यावर भाकरी खाऊन अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते, तो. दुसरा ताणलेला थकवा असतो. अंग गळालेले, पण आत कुठेतरी तार ताठ, कुणी काही विचारले तरी राग येतो, झोप येते पण लागत नाही. पाळीवरून येणाऱ्याचा थकवा हा बहुधा दुसऱ्या जातीचा असतो. आपण मात्र त्याच्यावर पहिल्या जातीचे औषध करतो, म्हणजे पडून राहतो. पडून राहिल्याने अंग विसावते, पण तार ढिली होत नाही. पडल्या पडल्या सुपरवायझर काय म्हणाला, त्यावर आपण काय म्हणायला हवे होते, याचीच उजळणी चालते. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. अंगठ्याला विश्रांती नाही आणि मेंदूलाही.

याच थेयरने १९८७ साली एक साधा प्रयोग छापला. त्याच माणसांनी काही दिवशी गोड वडी खायची आणि काही दिवशी दहा मिनिटे झपझप चालायचे. चालल्यावर पुढे दोन तासांपर्यंत हुशारी वाटत राहिली. गोड खाल्ल्यावर आधी थोडे बरे वाटले, पण तासाभरात ताण वाढला. आमच्याकडे गोड वडीच्या जागी दोन चमचे साखरेचा चहा आणि वडापाव धरावा. बसमधून उतरल्याबरोबर फाट्यावरच्या टपरीत तो घेतल्यावाचून पाय घराकडे वळत नाहीत. मी टपरीच्या विरुद्ध नाही. तिथल्या गप्पांत अर्धे गाव चालते. पण चहाने थकवा जातो, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

आणि चहावर थांबले तरी पुष्कळ झाले. "अंग ठणकतंय, जरा घेतली की झोप लागते," हे वाक्य आमच्या तालुक्यात वय वर्षे वीसपासून पुढे सर्रास ऐकू येते. घेतल्यावर झोप लवकर लागते हे खरे, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, हलकी होते, आणि शरीराची खरी डागडुजी व्हायची ती राहून जाते. सकाळी उठलेला माणूस आदल्या दिवसापेक्षा जास्त थकलेला असतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा. पगार, लिव्हर आणि घरातली बोलणी या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. पाळी सुटल्यानंतरचा तास माणूस कुठे घालवतो, यावर किती संसार अवलंबून आहेत, याचा हिशेब कुणी मांडला, तर तो गावातल्या कुठल्याही निवडणुकीपेक्षा महत्त्वाचा ठरेल.

घरातले उदाहरण म्हणजे माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. एका कारखान्यात यंत्रापुढे उभे राहण्याचे त्याचे काम. लग्नानंतर दोन वर्षांत हा गमत्या माणूस इतका तिरसट झाला, की तो घरात शिरला की पोरे आपोआप मागच्या दाराने निघत. ताटात काय आहे यावरून भांडण, नसेल तर कशावरूनही. आम्ही सगळे समजत होतो, की काम जास्त पडते म्हणून असे होते. काम जास्त पडतच होते. पण मग गावातल्या पोरांनी कबड्डीचा संघ पुन्हा उभा करायचे ठरवले आणि जुना चढाईपटू म्हणून दादाला ओढत नेले. पहिल्या दिवशी तो शिव्या देत गेला. आठवडाभर अंग दुखते म्हणून कुरकुरला. महिन्याभराने मात्र त्याच्या येण्याच्या वेळी पोरे दारात थांबू लागली, कारण तो मैदानावरून येताना कुणाला तरी खांद्यावर घेऊन यायचा.

काम तेच होते, पगार तोच होता, यंत्र तेच होते. मग बदलले काय? मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अरे, दम धरून कबड्डी-कबड्डी म्हणत समोरच्याच्या पट्ट्यात शिरलो ना, की कंपनी आठवत नाही. आठवली तर पकड बसते." मानसशास्त्राच्या पुस्तकात मी हेच नंतर वाचले. सोनेनटाग आणि फ्रिट्झ या दोन बाईंनी २००७ मध्ये, कामानंतर माणूस कशाने सावरतो याच्या चार वाटा सांगितल्या: कामापासून मनाने सुटणे, अंग-मन सैल होणे, काहीतरी नवे साधल्याचा आनंद, आणि हा वेळ माझा आहे ही भावना. कबड्डीच्या एका चढाईत या चारांपैकी तीन तरी येतात, आणि चौथी डाव संपल्यावर मैदानावर पाय पसरून बसल्यावर येते. दादाला ती पुस्तकाशिवाय सापडली होती.

शरीराच्या बाजूनेही ही गोष्ट उलगडते. आखडलेल्या स्नायूंना हलक्या हालचालीने रक्त मिळते आणि ते मोकळे होतात; जोरदार श्रमानंतर एकदम आडवे होण्यापेक्षा हळूहळू चालत राहिले, तर रक्तातले लॅक्टिक आम्ल लवकर निवळते, हे खेळाडूंना केव्हाचे माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते मात्र या आम्लामुळे नव्हे, तर सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे; ते आपोआप भरून येते आणि भरून येताना स्नायू घट्ट करते. संध्याकाळी व्यायाम केला तर झोप उडते, असेही आपल्याकडे सांगतात. अलीकडे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले, की संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडत नाही. फक्त अंथरुणावर पडण्याच्या आधीच्या तासाभरात दमछाक करणारा व्यायाम टाळावा. म्हणजे सातला खेळावे, आठला जेवावे, दहाला झोपावे. यात कुणाची काय हरकत?

आता एक इशारा द्यायलाच हवा, नाहीतर मी पारावरच्या मंडळींवर अन्याय केला असे होईल. राबून आलेल्याचा व्यायाम हा बसून आलेल्याच्या व्यायामासारखा नसावा. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात २००८ मध्ये कायम थकवा वाटणाऱ्या, पण कुठलाही आजार नसलेल्या ३६ तरुण-तरुणींवर सहा आठवडे प्रयोग झाला. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे सायकल. हलका व्यायाम करणाऱ्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी कमी झाला आणि जास्त जोर लावणाऱ्यांचा ४९ टक्क्यांनी. ती माणसे बैठी होती, यंत्रापुढे उभी राहणारी नव्हती. पण जोर कमी लावणाऱ्याला जास्त फायदा, हे वाचून मला आपला वाग्भट आठवला. अष्टांगहृदयात व्यायामाने अंग हलके होते आणि काम करण्याचे सामर्थ्य वाढते असे सांगून, बलवानानेसुद्धा तो अर्ध्या शक्तीनेच करावा, असे त्याने घालून दिले आहे. आणि अति करणाऱ्याला हत्ती ओढणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. तो सिंह मरतो. आमच्या पोरांपैकी काही जण डबल पाळी करून येऊन दंड-बैठका मारतात, ते या सिंहाचे वंशज. डबल पाळीनंतर घरी जावे, गरम पाण्याने आंघोळ करावी, झोपावे. त्या दिवशी पारावरचे लोक शंभर टक्के बरोबर असतात.

आणखी एका जातीचा व्यायाम आमच्याकडे बोकाळला आहे, त्याविषयी मला थोडी वेगळी चिंता वाटते. पहाटे रस्त्यावर जी मुले धावताना दिसतात, त्यांतली बहुतेक पोलीस भरतीची असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. सगळे मिळून पन्नास गुण. नोकरीसाठी ते करायलाच हवे, त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण भरती हुकली, वय उलटले, की हेच मुलगे बूट खुंटीला टांगतात आणि पुन्हा कधी धावत नाहीत. व्यायाम हे त्यांच्या लेखी परीक्षेचे एक पान होते. परीक्षा संपली, वही रद्दीत गेली. ज्या वयात नोकरीचा आणि संसाराचा ताण सुरू होतो आणि व्यायामाची खरी गरज लागते, नेमके त्याच वर्षी तो सुटतो. जिममध्ये जाणाऱ्यांचेही थोडे असेच. आरशात दंड दिसले पाहिजेत, एवढ्यावर दृष्टी. कुणाच्या आरशात त्याचा स्वभाव दिसत नाही.

श्रमानंतरच्या व्यायामाची ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. गिरणगावातल्या कामगारांना ती पक्की माहीत होती. लालबाग-परळच्या चाळींभोवती व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, लेझीमपथके आणि भजनी मंडळे जी वाढली, ती पाळी सुटल्यावरच्या वेळात वाढली. खोलीत दहा माणसे झोपायची. अंग पसरायला जागा म्हणजे व्यायामशाळा किंवा मैदान. पण वेळ मिळाला म्हणून हे झाले, आणि वेळ कुणी दान दिलेला नव्हता. गिरण्यांत सुरुवातीला रविवारचीसुद्धा सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. आपण रविवारी गडावर चढतो तेव्हा शिवाजी महाराजांचे नाव घेतो, ते योग्यच. पण तो रविवार कुणी दिला, हे मात्र आपल्याला आठवत नाही.

गावाकडेही हे शहाणपण होतेच. आषाढात आवणी, आणि श्रावण लागला की मंगळागौर. झिम्मा, फुगडी, पिंगा, नाना तऱ्हेच्या उड्या आणि गिरक्या. पुढे भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा रात्र रात्र फुगड्या. महिनाभर चिखलात पुढे वाकलेल्या बाईने हात धरून मागे झुकायचे, गरगर फिरायचे आणि मोठ्याने हसायचे, हे ज्या कुणी त्या महिन्यात बसवले, तिला शरीरशास्त्र शिकवायची गरज नव्हती. कमरेच्या उलट दिशेने ताण देणारा इतका सुंदर व्यायाम कुठल्याही पुस्तकात मी पाहिलेला नाही. पुरुषांचे यात्रेआधीचे लेझीम तसेच. शेतावरून येऊन हात-पाय धुऊन ढोलाच्या तालावर तासभर घुमायचे. ना कुणी त्याला व्यायाम म्हणत होते, ना कुणी मोजत होते.

पण इथेच माझ्या लेखाला एक गाठ बसते. दादाची गोष्ट मी मोठ्या उत्साहाने वहिनीला सांगत होतो. चार वाटा, थकव्याच्या दोन जाती, सगळे. ती तांदूळ निवडत होती. माझे सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "भाऊजी, तुमचा शीण मैदानावर जातो. आमचा कुठं न्यायचा?"

मला उत्तर देता आले नाही, आणि आजही पुरते देता येत नाही. वहिनी सकाळी भाकऱ्या थापते, दिवसभर शेतात असते, आणि दादा कबड्डी खेळून हसत घरी येतो तेव्हा चुलीपुढे असते. तिची पाळी सुटल्याचा भोंगा वाजतच नाही. मंगळागौर वर्षातून एकदा. तीही नव्या नवऱ्यांची, आणि आता पुष्कळ ठिकाणी ती पैसे देऊन बोलावलेल्या पथकांची झाली आहे. सुनेने संध्याकाळी नुसते चालायला बाहेर पडायचे म्हटले, तरी "कुठं निघालीस?" हा प्रश्न चार दारांतून येतो. कॉलेजातल्या मुलींना निदान क्रीडास्पर्धा आहेत. लग्न झाले की तेही मैदान मिटते. दादाचा मूड सुधारला याचे श्रेय मी कबड्डीला देतो. पण तो तास त्याला मिळाला, कारण त्या तासाचे घरातले काम दुसऱ्या कुणीतरी केले. पुस्तकांत या वहिनीचा तक्ता नसतो.

गंमत अशी, की दादानेच पुढे यातून थोडी वाट काढली. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो स्वयंपाकघरात शिरतो. भाकरी त्याला जमत नाही, पण डाळ-भात जमतो. वहिनी आणि शेजारच्या दोघी त्या दिवशी नदीच्या बाजूला चालून येतात. पहिल्या वेळी लोक हसले. मलाही ते दृश्य पाहून हसू आले, हे कबूल करतो. पण वहिनी परत येताना गुणगुणत आली, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि तिच्या लग्नानंतर मी ते प्रथमच ऐकत होतो.

दुसरी गाठ कामाच्या तासांची. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, जास्त कामाला जास्त पैसे मिळतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. कागदावर हे ठीक दिसते. परंतु ज्याच्या घरचा हप्ता थकला आहे, त्याची संमती कितीशी मोकळी असते, हे फाट्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारावे. बारा तास काम, त्यात जाण्या-येण्याचे दोन तास. उरलेल्या दहांत झोप, जेवण, आंघोळ, पोरे. यात मैदान कुठे बसवायचे? मानसशास्त्रज्ञांनी एक गोष्ट नोंदवली आहे, की ज्याच्यावर कामाचा ताण सर्वांत जास्त, त्याला सावरण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमका तोच सावरण्याच्या गोष्टी सर्वांत कमी करतो. अशा माणसाला "व्यायाम करीत जा" असा उपदेश करणे हा मला निर्दयपणा वाटतो. त्याला आधी वेळ द्या. म्हणून व्यायामाचा प्रश्न हा नुसता मनाच्या निश्चयाचा प्रश्न आहे, असे भाषणांतून सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही. तो थोडा निश्चयाचा, पुष्कळसा घड्याळाचा आणि उरलेला दिव्याचा प्रश्न आहे.

दिव्याचा म्हणजे अक्षरशः दिव्याचा. हिवाळ्यात सहाला अंधारते. आमच्याकडे गडाच्या बाजूने सावली त्याही आधी पडते. पहिली पाळी सुटून, बस फाट्यावर येऊन, घरी टेकून मैदानावर पोचेपर्यंत चेंडू दिसत नाही, मग चढाईची रेघ कुठून दिसणार? गावातली पोरे मोटारसायकलींचे दिवे लावून खेळतात. त्यात दोघांचे घोटे मुरगळले आहेत, आणि पेट्रोलचा खर्च वेगळाच.

आपल्या कॉलेजचे मैदान संध्याकाळी साडेपाचला कुलूपबंद होते. परिसरातल्या कॉलेजमध्ये शिकणाऱ्यांपैकी कित्येक जण आज कुठल्या ना कुठल्या पाळीवर आहेत. सकाळी तास, दुपारी कंपनी, किंवा उलट. त्यांच्यासाठी साडेपाच म्हणजे दुपार. दोन खांब, चार दिवे, आणि रात्री आठपर्यंत फाटक उघडे ठेवायला एक शिपाई, एवढ्याची गरज आहे. शिपायाला जास्त तासांचा मोबदला द्यावा लागेल, तोही धरून. आणि आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी आणि गावातल्या बायकांसाठी राखून ठेवावे. त्या दिवशी आम्ही मुलांनी फाटकाबाहेर घुटमळू नये, याची जबाबदारी जिमखान्याच्या प्रतिनिधींनी घ्यावी. या मागणीचा अर्ज आम्ही तेवीस जणांच्या सह्यांनी प्राचार्यांकडे दिला आहे. सह्या घेताना वहिनीलाही विचारले. ती या कॉलेजची विद्यार्थिनी नाही, म्हणून तिची सही चालणार नाही असे आमच्यातलाच एक जण म्हणाला. आम्ही ती घेतली आहे, चोविसावी.